न्यूट्रिनोवाल्या पोरीचं मानपत्र कसं लिहायचं

गावात कोणी डॉक्टर झालं, तहसीलदार झालं, फौजदार झालं तर मानपत्राचा मजकूर तयारच असतो. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, नाव बदलायचं, "प्रतिकूल परिस्थितीवर मात करून" तसंच ठेवायचं आणि छापायला टाकायचं. पंचाईत होते ती गावचं पोट्टं कणभौतिकीत गेलं की. आमच्याकडे तेच झालं. मारेगाव तालुक्यातलं कापूस-सोयाबीनचं आमचं गाव. इथली एक मुलगी न्यूट्रिनो, म्हणजे कशालाही न अडकता आरपार निघून जाणारे अतिसूक्ष्म कण, पकडण्याच्या प्रयोगात काम करते. ग्रामपंचायतीनं सत्कार ठरवला आणि मानपत्राचं काम माझ्याकडे आलं, कारण अकरावी-बारावीला फिजिक्स मी शिकवते आणि तिलाही मीच शिकवलं होतं.

उपसरपंचभाऊ मोबाइलवर तिची माहिती काढूनच आले होते. "मॅडम, पाचशेच्या वर पेपर लिवले हो तिनं! पस्तिशी नाई झाली अजून. मंग झोपते कवा?"

भाऊंनी चेष्टा केली, पण प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. या प्रश्नाचं उत्तर न शोधता जो मानपत्र लिहील, तो चारचौघांत त्या माणसाला खाली मान घालायला लावील. शास्त्रज्ञाला खोटी स्तुती पचत नाही आणि स्टेजवर उठून दुरुस्तीही करता येत नाही. म्हणून शिक्षक, तालुक्याचे वार्ताहर, सत्कार समितीतले लोक, ज्यांच्यापुढे अशी लांबलचक यादी येऊन पडते त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यादी वाचायची कशी, तिच्यातून त्या माणसाचं स्वतःचं काम काढायचं कसं, आणि ते गावाला समजेल असं मांडायचं कसं.

यादी कुठून घ्यायची

गूगलवर नाव टाकून जे येईल ते घेऊ नका. कणभौतिकीसाठी "इन्स्पायर-हेप" नावाचा वेगळा कोश आहे. सर्न, फर्मिलॅब यांसारख्या मोठ्या प्रयोगशाळा मिळून तो चालवतात. फुकट आहे, नोंदणी लागत नाही, आमच्याकडच्या रडतखडत चालणाऱ्या नेटवरही उघडतो. तिथं लेखकाचं पान असतं: कुठं शिकला, कुठं नोकरी केली, कोणत्या प्रयोगांत होता, आणि खाली निबंधांची यादी. छापून येण्याआधीचे निबंध "आर्काइव्ह" या संकेतस्थळावर पूर्ण वाचायला मिळतात. १९९१ पासून भौतिकीवाले तिथं आपलं लिखाण ठेवत आलेत. पीएच.डी. भारतात झाली असेल तर प्रबंध "शोधगंगा" या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर सापडण्याची शक्यता चांगली.

पहिली अडचण नावाची. आपल्याकडं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निबंधात मात्र एक आद्याक्षर आणि आडनाव. "एस. पाटील" शोधायला गेलात तर अख्खा महाराष्ट्र पुढ्यात येईल. मुलगी असेल तर आणखी एक गुंता: लग्नाआधीचे निबंध एका आडनावावर, नंतरचे दुसऱ्या, आणि कधी दोन्ही आडनावं जोडून. ओळख पटवायची खूण म्हणजे संस्था आणि साल. २०१४ मध्ये ती मुंबईत होती हे तुम्हाला माहीत आहे, तर त्या सालचा निबंध मुंबईच्याच संस्थेच्या पत्त्याचा हवा. हल्ली बहुतेकांकडं "ऑर्किड" नावाचा सोळा अंकी क्रमांकही असतो. आडनाव बदललं तरी तो बदलत नाही. सरळ त्या माणसाला क्रमांक विचारावा, त्यात कमीपणा नाही.

पाचशे निबंधांचं गणित

आता भाऊंचा प्रश्न. एकही न्यूट्रिनो प्रयोग एका माणसाचा नसतो. जपानात कामिओका इथं डोंगराखाली एक किलोमीटर खोल, पन्नास हजार टन पाण्याची टाकी आहे, सुपर-कामिओकांडे. तिच्या भिंतींवर अकरा हजारांच्या वर प्रकाश टिपणाऱ्या नळ्या बसवल्या आहेत. दक्षिण ध्रुवावर आइसक्यूब आहे: एक घन किलोमीटर बर्फ आणि त्यात खोल सोडलेले ५,१६० संवेदक. असं यंत्र बांधायला शेकडो माणसं लागतात, चालवायला लागतात, त्याची आकडेमोड तपासायलाही लागतात. ठरलेली सेवा बजावली, यंत्रावर पाळ्या केल्या, की त्या काळात निघालेल्या प्रत्येक निबंधावर सगळ्यांची नावं जातात. आपल्याकडच्या लग्नपत्रिकेत निमंत्रकांखाली अख्ख्या भावकीची नावं असतात, तसं. म्हणून कोणी असं म्हणत नाही की त्या सगळ्यांनी मिळून पोरगी दाखवली.

याची हद्द बघायची असेल तर २०१५ चा हिग्ज कणाच्या वस्तुमानावरचा निबंध बघा. सर्नमधल्या दोन प्रयोगांनी मिळून तो लिहिला. त्यावर ५,१५४ लेखक आहेत. एकूण ३३ पानांपैकी संशोधन आणि संदर्भ मिळून नऊ पानं. बाकीची चोवीस पानं नुसती लेखकांची नावं आणि संस्था.

दुसरी गोष्ट, पहिलं नाव बघून "ही प्रमुख संशोधक" असं लिहू नका. जीवशास्त्रात, रसायनशास्त्रात पहिल्या नावाला किंमत असते; इथं नावं बहुधा आडनावाच्या अक्षरक्रमानं लागतात, कधी आधी संस्थेनुसार आणि मग अक्षरानुसार. कॅनडात सडबरीच्या खाणीत दोन किलोमीटर खोल, हजार टन जड पाण्यात सूर्याचे न्यूट्रिनो मोजणारा प्रयोग झाला. सूर्याकडून निघालेले न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात हे त्यातून २००१-०२ मध्ये सिद्ध झालं. ते निबंध जगात "अहमद व इतर" म्हणून ओळखले जातात, कारण अ आधी येतो. प्रयोगाचं नेतृत्व आर्थर मॅकडोनाल्ड यांचं, आणि २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांच्यासोबत नोबेल मिळालेले ताकाकी काजिता १९९८ च्या सुपर-कामिओकांडेच्या निबंधाच्या यादीत पहिले नाहीत. तो निबंध "फुकुदा व इतर" नावानं चालतो. तेव्हा तुमच्या गावच्या माणसाचं नाव शंभरावं असलं म्हणून तो शंभरावा ठरत नाही, आणि पहिलं असलं म्हणून पहिलाही नाही.

म्हणून मानपत्रात निबंधांचा आकडा टाकूच नका. टाकायचाच असेल तर "अमुक इतक्या निबंधांवर सहलेखक" एवढंच लिहा. "पाचशे शोधनिबंध लिहिले" हे वाक्य आमच्या भाऊंनी फ्लेक्ससाठी आधीच तयार ठेवलं होतं. मी फोन करून तिलाच विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, त्यातले चार-पाचच माझे म्हणा. बाकीच्यांत मी आहे, पण ते सगळ्यांचे आहेत."

ते चार-पाच कसे शोधायचे

हा खरा कामाचा भाग. सांगायला दोन परिच्छेद पुरतात, करायला एक अख्खी दुपार जाते.

इन्स्पायरच्या पानावर डावीकडं गाळणी असते. तिच्यात "दहा किंवा कमी लेखक" असा पर्याय आहे. तो लावला की पाचशेची यादी एकदम मूठभर होते. उरतात त्यांत बहुधा तीन तऱ्हा दिसतात. एक, यंत्राबद्दलचे निबंध: "न्यूक्लिअर इन्स्ट्रुमेंट्स अँड मेथड्स" किंवा "जिन्स्ट" या नियतकालिकांत आलेले. आर्काइव्हवर अशा लिखाणाचा "इन्स-डेट" असा वेगळा कप्पाच आहे. इथं पाच-सहा नावं असतात आणि त्या पाच-सहांनी खरोखर हातानं ते केलेलं असतं. दोन, परिषदांमधली व्याख्यानं. शेकडो माणसांच्या प्रयोगातून कोणाला बोलायला पाठवायचं हे आतल्या समितीत ठरतं. तिथं वशिल्यापेक्षा काम बघतात. निबंधावर एकच नाव आणि खाली "अमुक प्रयोगाच्या वतीने" असं असेल तर ती नोंद सोन्याची समजा. तीन, पीएच.डी.चा प्रबंध. प्रबंध एकाचाच असतो. त्याची प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण एवढं वाचलं तरी त्या माणसानं सहा वर्षं नेमकं काय केलं ते उमजतं. ऋणनिर्देशाचं पानही वाचा. आईवडिलांचं, जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचं नाव तिथंच सापडतं, आणि मानपत्राला तेवढं पुरतं.

काही गोष्टी कोणत्याच यादीत येत नाहीत. प्रयोगाच्या आतल्या टिपणवह्या बाहेर दिसत नाहीत. "कन्व्हीनर", म्हणजे एखाद्या अभ्यासगटाचा चालक, "रन कोऑर्डिनेटर", म्हणजे यंत्र चालू असतानाचा पूर्ण जबाबदार माणूस, या पदांवर काम केलं असेल तर ते बायोडेटात एका ओळीत असतं आणि लोक ती ओळ ओलांडून पुढं जातात. माझ्या मते शंभर सहलेखकत्वांपेक्षा ती एक ओळ वजनदार. रात्री दोन वाजता यंत्र बंद पडलं तर फोन कोणाला जातो, हे त्या ओळीत लिहिलेलं असतं.

एच-इंडेक्सच्या नादी लागू नका. ज्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा इतरांनी उद्धृत केले, त्याचा एच-इंडेक्स वीस. २००५ मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं ही मोजणी काढली. मोठ्या प्रयोगात सगळ्यांचे निबंध तेच, म्हणून सगळ्यांचा हा आकडाही जवळपास तोच. त्यातून माणूस कळत नाही.

काचेची पेटी: एक काम जवळून

आमच्या मुलीचे ते चार-पाच निबंध आरपीसी या शोधकावर, म्हणजे कण टिपणाऱ्या यंत्रावर निघाले. पूर्ण नाव रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर. मानपत्रात "अत्याधुनिक उपकरणांवर कार्य" असं लिहून मोकळं होता येतं, पण ते कोणाच्याही मानपत्रात चालेल. म्हणून मी तिला सगळं बयाजवार विचारलं, आणि तिच्या प्रबंधातले फोटो बघितले.

तमिळनाडूत थेनी जिल्ह्यात बोडी इथल्या डोंगराखाली भारताची न्यूट्रिनो वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं २०१५ मध्ये तिला मंजुरी दिली. पुढं विरोध, खटले, परवानग्या यांत ती अडकली. आराखड्यात पन्नास हजार टनांच्या आसपास चुंबकित लोखंड आहे, पत्र्यांचे दीडशे थर, आणि दर दोन थरांच्या मधल्या फटीत या काचेच्या पेट्या. एक पेटी साधारण दोन मीटर बाय दोन मीटर, म्हणजे घरातल्या दिवाणापेक्षा थोडी रुंद. अशा जवळपास २९ हजार लागतील.

पेटी करतात ती अशी. साध्या काचेचे दोन मोठे तक्ते घ्यायचे, जाडी तीन मिलिमीटर. त्यांच्यामध्ये दोन मिलिमीटरची फट राखायची. फट सगळीकडं सारखी राहावी म्हणून ठरावीक अंतरावर प्लास्टिकच्या छोट्या गोल टिकल्या दोन्ही काचांना चिकटवायच्या, कडा बंद करायच्या, कोपऱ्यात वायूसाठी नळ्या ठेवायच्या. काचेच्या बाहेरच्या अंगाला ग्रॅफाइटचा लेप. मग आत वायू सोडायचा. त्यात मुख्य वाटा आर-१३४ए चा, गाडीच्या एसीत असतो तोच, आणि थोडा आयसोब्युटेन. लेपावर दहा हजार व्होल्टच्या घरातला विद्युतदाब. विद्युतभारित कण काचेतून पार गेला की आतल्या वायूत एक ठिणगीवजा धबधबा होतो, आणि बाहेर लावलेल्या तांब्याच्या पट्ट्यांवर त्याची नोंद होते. खालच्या पट्ट्या उभ्या, वरच्या आडव्या, म्हणून कण नेमका कुठून गेला ते सेंटिमीटरांत कळतं. केव्हा गेला ते सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकं नेमकं.

यात न्यूट्रिनो कुठं दिसला? कुठंच नाही. न्यूट्रिनोला विद्युतभार नाही, तो काचेतून गेला तर काचेला पत्ता लागत नाही. सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो दर सेकंदाला प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून साडेसहा हजार कोटींच्या आसपास जातात, तुमच्या-माझ्या अंगातूनही, आणि काही होत नाही. वेधशाळेला हवे आहेत ते वातावरणात तयार होणारे, जास्त ऊर्जेचे. त्यांतला एखादाच लोखंडाच्या अणुकेंद्रावर आदळतो आणि त्यातून म्यूऑन नावाचा कण बाहेर पडतो. म्यूऑनला भार असतो. तो थरामागून थर ओलांडतो, प्रत्येक पेटीत खूण सोडतो, आणि लोखंडातल्या चुंबकत्वामुळं त्याचा मार्ग वाकतो. कोणत्या बाजूला वाकला त्यावरून मूळ न्यूट्रिनो होता की त्याचा उलटा जोडीदार, प्रतिन्यूट्रिनो, ते ठरतं.

आमच्या मुलीचं काम गळती शोधण्याचं होतं. पेटीत हवेपेक्षा किंचित जास्त दाबानं वायू भरायचा, पाण्याच्या यू-नळीला जोडायचा, आणि पाण्याची पातळी किती वेळात उतरते ते बघत बसायचं. उतरली तर टिकली नीट चिकटलेली नाही, नाहीतर कडेचा गोंद कुठंतरी सुटलाय. कुठं, ते शोधायचं. पावसाळ्याच्या दमट हवेत काचेवरून गळणारा विद्युतप्रवाह वाढतो, तेव्हा आधी खोली कोरडी करा, मगच मोजणी खरी धरा. नापास पेटी एकदा थरांमध्ये जाऊन बसली की काढता काढवत नाही. तिनं सांगितलं, "मॅडम, पप्पांसोबत ठिबकच्या नळ्यांची लिकेजं शोधली होती ना लहानपणी, तेच केलं पुढं." हे वाक्य मी मानपत्रात घेतलं. गावाला हेच सर्वांत आधी कळणार होतं.

काही सापडलं नाही, तर काय लिहायचं

यादीत "मर्यादा", "शोध घेतला पण पुरावा आढळला नाही" अशा अर्थाचे मथळे भरपूर दिसतील. समितीतले लोक दचकतात: पोरीला काही सापडलंच नाही तर सत्कार कशाचा? त्यांना कामिओकांडेची गोष्ट सांगा, सुपरच्या आधीच्या यंत्राची. प्रोटॉन फुटतो का ते बघायला ते बांधलं. प्रोटॉन फुटलेला दिसला नाही, आजवर कोणालाच दिसलेला नाही. पण २३ फेब्रुवारी १९८७ ला शेजारच्या दीर्घिकेतल्या फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो पृथ्वीवर आले, आणि त्यातले मूठभर या यंत्रात सापडले. त्या कामासाठी मासातोशी कोशिबांना २००२ चं नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर मिळालं रेमंड डेव्हिस यांना. त्यांनी अमेरिकेतल्या सोन्याच्या खाणीत धुलाईचं रसायन भरलेली टाकी ठेवून सूर्याचे न्यूट्रिनो मोजले, आणि ते कायम अपेक्षेच्या एक तृतीयांश भरले. लोक म्हणत राहिले, हिशेब चुकला. हिशेब बरोबर होता. न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलत होते.

उलट बाजूही बघून ठेवा. २०११ मध्ये इटलीतल्या ऑपेरा या न्यूट्रिनो प्रयोगानं जाहीर केलं की न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचतात. जगभर मथळे झळकले. पुढच्या वर्षी निघालं की एक प्रकाशतंतूची जोडणी सैल होती. तेव्हा ज्या माणसाच्या नावावर तपासण्या, कॅलिब्रेशन (यंत्राची मापं जुळवणं), "सिस्टिमॅटिक" म्हणजे यंत्राच्या किंवा पद्धतीच्या अंगच्या त्रुटींचे निबंध आहेत, त्याला दुय्यम समजू नका. मथळे देणारे पुष्कळ असतात, जोडण्या तपासणारे कमी.

बक्षिसांची ओळ

बायोडेटात "ब्रेकथ्रू पारितोषिक २०१६" दिसलं तर उड्या मारण्याआधी एवढं ध्यानात घ्या: ते पाच न्यूट्रिनो प्रयोगांतल्या तेराशेहून जास्त लोकांना मिळून दिलं होतं. खोटं नाही, अभिमानाचंच आहे, पण "प्रयोगाला मिळालेल्या पारितोषिकात सहभागी" असं लिहा. नोबेलचं तर नावच काढू नका. आमच्याकडं एकानं "नोबेलविजेत्या प्रयोगातील" असा शब्द सुचवला होता. नोबेल प्रयोगाला मिळत नाही, दोघा-तिघांना मिळतं. तो शब्द मी काढायला लावला.

लोक काय विचारतील

सूत्रसंचालन करणाऱ्याची तयारी हवी. आमच्याकडं हमखास येणारा प्रश्न: "हे यंत्र आपल्या वणीच्या खाणीत काहून नाई टाकत?" उत्तर असं की आकाशातून म्यूऑनचा पाऊस सतत पडतो, बोटाच्या नखाएवढ्या जागेतून मिनिटाला साधारण एक. हे म्यूऑन न्यूट्रिनोच्या खुणा झाकून टाकतात. ते अडवायला वर किलोमीटरभर तरी खडक पाहिजे, आणि आपल्या कोळशाच्या खाणी बहुतेक उघड्या. खोल खाण भारतात होती, कोलारची. तिथं २.३ किलोमीटर खाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी जपानी आणि इंग्लिश सहकाऱ्यांसोबत १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोंची खूण पकडली. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रेनेस यांच्या गटालाही ती दिसली. छापून आधी आला तो कोलारचा निबंध. त्यावर अकरा नावं आहेत: मेनन, श्रीकांतन, रमणमूर्ती, नरसिंहम, मियाके, वुल्फेंडेल वगैरे. अकरा नावांच्या निबंधात कोणी काय केलं ते विचारता येत होतं. आता ते शोधून काढावं लागतं, एवढाच फरक पडलाय.

"त्यातून किरणोत्सर्ग होते का?" असंही कोणी विचारील. शोधक काही सोडत नाही, फक्त बघतो. डोंगर फोडण्याबद्दल आणि पाण्याबद्दल थेनीच्या लोकांचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते खरे प्रश्न आहेत. ते हसण्यावारी नेऊ नका.

फोनवर काय विचारायचं

"तुमच्या यशाचं श्रेय कोणाला" हे विचारू नका, छापील उत्तर येतं. विचारा: तुम्ही स्वतःच्या हातानं काय केलं? तुमच्यामुळं प्रयोगात काय बदललं? कुठल्या निबंधावर तुमचं नाव नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं? आणि कोणती ओळ मानपत्रात आली तर लाज वाटेल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट लिहून घ्या. परदेशात असेल तर वेळेचा फरक बघून फोन करा. आमच्या संध्याकाळच्या आरतीनंतर तिकडं सकाळ असते, ती वेळ सोयीची पडली.

मजकूर

मी लिहिलेला मजकूर खाली देते. हवा तसा बदलून घ्या.

"आपल्या गावच्या मातीत वाढलेली ही लेक विश्वातल्या सर्वांत अलिप्त कणाचा शोध घेणाऱ्यांपैकी एक आहे. न्यूट्रिनो डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही, पृथ्वीच्या आरपार निघून जातो. त्याचा माग काढण्यासाठी जगभरची शेकडो माणसं वर्षानुवर्षं एकत्र काम करतात, आणि त्यांत आपली लेक आहे. काचेच्या शोधक पेट्या बिनगळतीच्या असाव्यात, त्यांची मोजणी भरवशाची असावी, यासाठी तिनं केलेलं काम तिच्या नावानं प्रसिद्ध आहे आणि इतर प्रयोगशाळांनी ते वापरलं आहे. वडिलांसोबत शेतातल्या ठिबकच्या नळ्या तपासताना लागलेली सवय तिनं प्रयोगशाळेत नेली. पाचशेहून अधिक शोधनिबंधांची ती सहलेखिका आहे. ग्रामस्थ तिच्या या कामाचा आदरपूर्वक गौरव करीत आहेत."

पाचशेचा आकडा शेवटी भाऊंच्या आग्रहाखातर राहिला, पण "सहलेखिका" म्हणून. "इतर प्रयोगशाळांनी वापरलं" हे वाक्य टाकण्याआधी ते खरं आहे का ते बघावं लागतं: त्या छोट्या निबंधाखाली "उद्धृत" वर बोट लावायचं, आणि उद्धृत करणारे लेखक तिच्या स्वतःच्या गटाबाहेरचे आहेत का ते पाहायचं. नुसतं उद्धृत केलं म्हणजे वापरलं असं नाही, म्हणून त्यांतला एखादा उघडून संदर्भ कुठं आलाय तेही वाचायचं. नसतील तसे, तर ते वाक्य काढून टाका.

छपाईचं तेवढं सांभाळा. मजकूर व्हॉट्सॲपवर टंकून पाठवा, हस्तलिखिताचा फोटो पाठवू नका. जुन्या फाँटात घेताना जोडाक्षरं तुटतात, आणि "न्यूट्रिनो", "म्यूऑन" हे शब्द छापणाऱ्याला परके असल्यामुळं चूक त्याच्या डोळ्यांत येत नाही. प्रूफ मागवा, मोबाइलवर मोठं करून अक्षर न् अक्षर बघा, नाव आणि आडनाव मुलीच्या आईला दाखवून खात्री करा, आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्या.